नाताळचे अभिजात संगीत : उसनी चाल, नवा अर्थ
(योहान सेबास्टिआन बाख यांच्या ‘क्रिसमस ऑरेटोरिओ’च्या विशेष संदर्भात)

सारांश

नाताळच्या दिवसांत ऐकल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य अभिजात संगीतात बाख (१६८५–१७५०) यांच्या ‘क्रिसमस ऑरेटोरिओ’ला मानाचे स्थान आहे. मात्र या कृतीतील बहुतेक समूहगाने व एकलगीते मुळात ख्रिस्तजन्मासाठी रचलेली नव्हती. सॅक्सनीच्या राजघराण्यातील वाढदिवस व राजकीय समारंभ यांसाठी केलेल्या रचना बाख यांनी नव्या संहितेवर बसविल्या. तेव्हा एखाद्या संगीतकृतीचे ‘नाताळपण’ नेमके कोठे वसते, असा प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बाख यांच्या कृतीच्या आधारे केला असून कोरेल्ली व हॅन्डेल यांच्या रचनांचा तौलनिक संदर्भ घेतला आहे. प्रसंग, शब्द, वाद्यसंकेत व समूहाची स्मृती या चार घटकांच्या संयोगातून हे नाताळपण घडते आणि आजच्या ‘हंगामी’ श्रवणपद्धतीत नेमके हेच घटक गळून पडतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ऑरेटोरिओ, कॅन्टाटा, पॅरोडी, कोराल, पास्तोराल, प्रसंगनिष्ठ संगीत, श्रवणसंस्कृती.

प्रस्तावना

डिसेंबर महिना उजाडला की जगभरच्या संगीतगृहांत व ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांत काही ठरावीक कृतींची वर्दळ सुरू होते. हॅन्डेल यांचा ‘मसाया’, बाख यांचा ‘क्रिसमस ऑरेटोरिओ’, कोरेल्ली यांचा ‘ख्रिसमस कॉन्चेर्तो’, चायकोव्हस्की यांचे ‘द नटक्रॅकर’ हे नृत्यनाट्य ही त्यांतील ठळक नावे. या कृती एकाच यादीत बसत असल्या तरी त्यांचे नाताळशी असलेले नाते एकसारखे नाही. ‘मसाया’चा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे झाला. तो काळ ईस्टरनजीकचा होता आणि प्रयोगाचे उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी व रुग्णालये यांच्या मदतीसाठी होते. या कृतीचा केवळ पहिला भाग ख्रिस्तजन्माशी निगडित असून पुढील भाग दुःखभोग, मृत्यू व पुनरुत्थान यांकडे वळतात. नाताळशी तिची सांगड नंतरच्या काळात दृढ झाली. बॉस्टनच्या ‘हॅन्डेल अँड हेडन सोसायटी’ने २५ डिसेंबर १८१८ रोजी केलेला संपूर्ण प्रयोग हा त्या सांगडीचा एक प्रारंभीचा टप्पा होय. ‘नटक्रॅकर’ (१८९२) मध्ये नाताळची संध्याकाळ ही कथेची पार्श्वभूमी आहे, उपासनेचा विषय नाही.

या पार्श्वभूमीवर बाख यांची कृती वेगळी ठरते. ती नाताळच्या विशिष्ट दिवशी, विशिष्ट चर्चमध्ये, विशिष्ट उपासनेच्या ओघात गायिली जावी या हेतूने सिद्ध झाली. तरीही तिच्यातील स्वरांचा मोठा भाग दुसऱ्याच प्रसंगांतून आलेला आहे. हेतूची शुद्धता व सामग्रीचे उसनेपण यांच्यातील हा ताणच तिच्या समीक्षेचा गाभा होय.

१. मौनानंतरचा नगारा : सहा दिवसांची रचना

‘क्रिसमस ऑरेटोरिओ’ हे नाव एका सलग कृतीचा भास निर्माण करते. वस्तुतः ती सहा कॅन्टाटांची मालिका आहे. कॅन्टाटा म्हणजे वाद्यवृंद, समूहगायन व एकलगायन यांनी युक्त अशी उपासनेत सादर होणारी गेय रचना. ही सहा अंगे २५, २६ व २७ डिसेंबर १७३४ आणि १, २ व ६ जानेवारी १७३५ या सहा दिवशी लाइप्झिगमध्ये सादर झाली. बाख १७२३ पासून तेथील संत थॉमस विद्यालयाचे कान्टोर होते आणि नगरातील प्रमुख चर्चमधील संगीताची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पहिले, दुसरे, चौथे व सहावे अंग संत निकोलस व संत थॉमस या दोन्ही चर्चमध्ये, सकाळ व दुपार अशा दोन वेळी गायिले गेले. तिसरे व पाचवे अंग केवळ संत निकोलस चर्चमध्ये झाले. उपासकांना संहिता वाचता यावी म्हणून ती स्वतंत्रपणे छापलेलीही होती.

या वेळापत्रकाला एक महत्त्वाचा पूर्वरंग आहे. लाइप्झिगमध्ये आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी कॅन्टाटा होत असे. त्यानंतरच्या तीन रविवारी मात्र वाद्यवृंदासह होणारे संगीत वर्ज्य होते. आत्मपरीक्षणाचा काळ म्हणून ही शिस्त पाळली जाई. म्हणजेच २५ डिसेंबरच्या सकाळी नगाऱ्याचे पहिले ठोके पडत, तेव्हा उपासकांच्या कानांवर काही आठवड्यांनंतर प्रथमच भरगच्च वाद्यध्वनी येत असे. त्या ठोक्यांचे सामर्थ्य जसे स्वरलेखनात आहे तसे आधीच्या मौनातही आहे. आजच्या काळात हा क्रम नेमका उलटा झाला आहे. नाताळचे संगीत महिनाभर आधीपासून वाजू लागते आणि २५ डिसेंबर उलटताच विरते. बाख यांच्या कृतीत त्या दिवशी उत्सवाचा प्रारंभ होतो आणि तो पुढे तेरा दिवस उलगडत जातो.

सहा अंगे वेगवेगळ्या दिवसांत विखुरलेली असली तरी त्यांच्यात एकसंधता आहे आणि ती योगायोगाने आलेली नाही. चर्चच्या नियमानुसार २७ डिसेंबरसाठी योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभीचा तत्त्वचिंतनपर भाग नेमलेला होता, तर नववर्षानंतरच्या रविवारी मिसर देशी केलेल्या पलायनाची कथा वाचली जाई. ज्ञानी पुरुष येण्यापूर्वीच पलायनाची कथा आली असती तर आख्यानाचा ओघ तुटला असता. बाख व त्यांचे संहिताकार यांनी दोन्ही नेमणुका बाजूला ठेवल्या, मेंढपाळांचे गव्हाणीकडे जाणे तिसऱ्या अंगात आणले आणि ज्ञानी पुरुषांची कथा पाचव्या व सहाव्या अंगांत विभागली. (संहिताकाराचे नाव नोंदलेले नाही. तो पिकांडर असावा, असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे.) सहा दिवसांत मिळून एकच कथा सांगण्याचा संकल्प या फेरफारातून स्पष्ट होतो.

स्वररचनाही त्याला पूरक आहे. पहिले, तिसरे व सहावे अंग डी मेजर या स्वरपट्टीत असून त्यांत कर्णे व नगारे आहेत. दुसरे जी मेजरमध्ये, चौथे एफ मेजरमध्ये व पाचवे ए मेजरमध्ये आहे. दुसऱ्यात ओबो जातीच्या वाद्यांचा मेळ, चौथ्यात शिंगवाद्यांची उबदार आस, तर पाचव्यात धातुवाद्यांविना मोजकाच वाद्यमेळ अशी योजना दिसते. घर सोडून दूर जावे आणि पुन्हा घरी परतावे तशी ही डी मेजरपासून निघून डी मेजरकडे येणारी वाट आहे.

२. राजवाड्यातून गव्हाणीकडे

आता या कृतीतील सामग्रीचा विचार करू. बाख यांच्या रचनासूचीतील २१३ क्रमांकाची कॅन्टाटा ५ सप्टेंबर १७३३ रोजी सॅक्सनीच्या अकरा वर्षांच्या राजपुत्राच्या वाढदिवसानिमित्त सादर झाली. २१४ क्रमांकाची कॅन्टाटा त्याच वर्षी ८ डिसेंबरला त्याच्या आईच्या, म्हणजे राणी मारिया योझेफा यांच्या वाढदिवसासाठी होती. या दोन्ही रचना बाख यांच्या ‘कोलेजियम म्युझिकम’ या संगीतमंडळाने सादर केल्या. झिमरमान यांचे कॉफीगृह हे या मंडळाचे नेहमीचे ठिकाण होते. २१५ क्रमांकाची कॅन्टाटा ५ ऑक्टोबर १७३४ रोजी राजाच्या पोलंडच्या गादीवरील निवडीच्या वर्षदिनी लाइप्झिगच्या चौकात रात्री गायिली गेली. त्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी बाख यांचे ज्येष्ठ कर्णावादक गॉटफ्रीड राइखे यांचे निधन झाले. मशालींचा धूर व वादनाचा ताण यांना त्याचे कारण मानले गेले.

या राजस्तुतीमागे व्यावहारिक हेतूही होता. जुलै १७३३ मध्ये बाख यांनी ड्रेस्डेन दरबारी अर्ज करून दरबारी संगीतकाराचा किताब मागितला होता. तो त्यांना १७३६ मध्ये मिळाला. तथापि वाढदिवसाचे काव्य त्या दिवसापुरतेच असते. दिवस सरला की तशी रचना पुन्हा गाण्याचे प्रयोजन उरत नाही. दीड वर्षाच्या आत बाख यांनी २१३ मधील अखेरचे समूहगान वगळता उर्वरित समूहगान, सर्व एकलगीते व युगुलगीत, तसेच २१४ मधील दोन समूहगाने व दोन एकलगीते आणि २१५ मधील एक एकलगीत नाताळच्या कृतीत सामावून घेतले. सहाव्या अंगाचा बहुतांश भाग आज संहिता उपलब्ध नसलेल्या एका चर्च-कॅन्टाटेतून आला आहे. संगीतशास्त्रात या पद्धतीला ‘पॅरोडी’ म्हणतात. येथे या संज्ञेत विडंबनाचा अर्थ अभिप्रेत नाही. जुन्या संगीताला नवी संहिता देणे एवढाच तिचा आशय आहे. पदावर ‘चाल’ नोंदवून परिचित स्वरावलीत नवे शब्द बसविण्याची मराठी संगीत नाटकाची प्रथा ज्यांना माहीत आहे, त्यांना ही पद्धत अपरिचित वाटणार नाही.

प्रश्न असा की, या स्थलांतरात काय हरवते व काय गवसते? पहिल्या अंगाच्या आरंभीचे समूहगान हे ‘हरवण्या’चे उदाहरण होय. मूळ राजकाव्यात नगाऱ्यांना व कर्ण्यांना निनादण्याचे आवाहन होते. त्यामुळे नगाऱ्याने एकट्याने आरंभ करणे आणि मग कर्ण्यांनी साथ देणे हा शब्दाचा थेट स्वरानुवाद होता. नव्या संहितेत त्या जागी आनंद करण्याचे सर्वसाधारण आवाहन आले. बाख यांच्या हस्तलिखितात प्रथम जुनेच शब्द लिहिले गेले आणि मग खोडले गेले, ही बाब बोलकी आहे. शब्द व वाद्य यांच्यातील नेमका सांधा येथे सैल झाला, हे मान्य करावे लागेल. परंतु आधीच्या मौनाचा संदर्भ लक्षात घेता तोच नगारा एका नव्या प्रयोजनाने उभा राहतो. शब्दाशी असलेले त्याचे नाते क्षीण होते आणि प्रसंगाशी असलेले नाते बळावते.

‘गवसण्या’चे उदाहरण त्याच अंगातील खर्जातील एकलगीतात सापडते. २१४ मध्ये हे गीत राणीचा गौरव करणारे होते आणि त्यातील कर्ण्याचा तेजस्वी स्वर राजवैभवाचे प्रतीक होता. ऑरेटोरिओत तोच कर्णा कायम आहे. शब्द मात्र असे सांगतात की, हा थोर राजा पृथ्वीवरील थाटमाटाची पर्वा करीत नाही आणि ज्याने विश्व घडविले तो कठीण गव्हाणीत निजला आहे. वाद्य वैभव मिरवते आणि शब्द त्याच वैभवाला नाकारतात. नव्याने रचलेल्या गीतात एवढा धारदार विरोध कदाचित साधला नसता. दरबारी संगीताचे उसनेपण येथे अर्थाला अडसर ठरत नाही, उलट ते अर्थाचे साधन बनते. राणीचा कर्णा गोठ्यात वाजतो म्हणूनच राजेपणाची व्याख्या पालटते.

३. एका अंगाईची दोन रूपे

या कृतीतील सर्वांत विलक्षण स्थलांतर दुसऱ्या अंगातील अंगाईगीताचे आहे. २१३ क्रमांकाच्या कॅन्टाटेत ग्रीक पुराणातील हर्क्युलिस दोन वाटांच्या तिठ्यावर उभा आहे. एका बाजूला सद्गुण व दुसऱ्या बाजूला विषयसुख त्याला आपल्याकडे बोलावतात. विषयसुख ही व्यक्तिरेखा त्याला झोपी जाण्याचे, सुखाची चव घेण्याचे आवाहन करते. ही अंगाई म्हणजे मोहाचा पाश आहे. बाख यांनी तीच स्वरावली गव्हाणीतील बाळासाठी वापरली. मोहिनीचे गीत मातृत्वाचे गीत झाले.

बदल थोडे आहेत, पण ते निर्णायक आहेत. मूळ गीत सोप्रानो स्वरासाठी, बी फ्लॅट मेजरमध्ये आहे. ऑरेटोरिओत ते आल्टो या खालच्या स्त्रीस्वरासाठी, जी मेजरमध्ये आणले आहे. मूळच्या तंतुवाद्यांना ओबो जातीच्या वाद्यांची जोड दिली असून बासरी गायनाच्याच ओळीला वरच्या सप्तकातून सोबत करते. स्वर खाली उतरल्याने लाडिकपणाची जागा स्थिरतेने घेतली. वाद्यांच्या भरणीमुळे मेंढपाळांचे वातावरण अंगाईभोवती दाटून आले. झुलती लय, दीर्घ धरलेले स्वर, मंद्र स्वरांची पुनरावृत्ती हे पाळण्याचे मूळ गुण तसेच राहिले. झोपविणे ही क्रिया दोन्हीकडे एकच आहे. झोपविणाऱ्याचा हेतू आणि झोपणारा कोण, यावरून तिचे नैतिक मूल्य ठरते. संगीताने क्रिया चित्रित केली आणि मूल्य शब्दांनी व प्रसंगाने दिले.

पहिल्या अंगातील आल्टोचे एकलगीत हे याहून कठीण उदाहरण आहे. मूळ कॅन्टाटेत हर्क्युलिस विषयसुखाला ठामपणे झिडकारतो आणि पाळण्यातच सापांचा नाश केल्याचे स्मरण देतो. ऑरेटोरिओत याच संगीतावर सियोनेने आपल्या प्रियकराच्या स्वागतासाठी सिद्ध व्हावे, अशी कोमल विनवणी येते. नकार व स्वागत या परस्परविरुद्ध भावना एकाच स्वरावलीला कशा पेलतात? व्हायोलिनच्या जोडीला ‘ओबो द’आमोरे’ या मऊ नादाच्या वाद्याची योजना हे त्याचे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. झिडकारणे असो वा सिद्ध होणे असो, दोन्हींत निर्धार व अधीरता समान आहेत. संगीत त्या समान गतीला धरून राहते. तिची दिशा मात्र शब्द ठरवितात.

या उसन्या गीतांच्या तुलनेत तिसऱ्या अंगातील आल्टो एकलगीत उठून दिसते. मेंढपाळांचे बोलणे मरियेने मनात जपून ठेवले, या लूकच्या विधानानंतर ते येते. एकट्या व्हायोलिनच्या साथीने गायिले जाणारे हे गीत बाख यांनी या कृतीसाठी नव्याने रचले, असे अभ्यासक मानतात. ऑरेटोरिओतील एकलगीतांत ते अपवाद आहे. कथेतील सर्वांत अंतर्मुख क्षणासाठी जुन्या भांडारातील काहीही वापरले गेले नाही, याची नोंद घ्यावी लागते. तथापि त्यावरून नवे तेवढे अस्सल व उसने तेवढे दुय्यम, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अंगाईगीताचा परिणाम याहून उणा नाही.

४. मेंढपाळांचे वाद्य : कोरेल्ली, हॅन्डेल, बाख

शब्दांविना संगीत नाताळचे कसे होऊ शकते, याचे उत्तर वाद्यसंकेतांत मिळते. आबरुझ्झी प्रदेशातील मेंढपाळ आगमनकाळात रोममध्ये येऊन कातडी पिशवीचे ‘झाम्पोन्या’ हे वाद्य व सनईसारखे ‘पिफ्फेरो’ वाजवीत. एक अखंड आधारस्वर, त्यावर तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने चालणारी धून आणि झुलती लय ही त्या वादनाची लक्षणे अभिजात संगीतात ‘पास्तोराल’ या प्रकारात स्थिरावली. आर्कान्जेलो कोरेल्ली (१६५३–१७१३) यांच्या सहाव्या संचातील आठवी कॉन्चेर्तो नाताळच्या रात्रीसाठी असल्याचे मुद्रित प्रतीत नमूद आहे. हा संच त्यांच्या निधनानंतर १७१४ मध्ये प्रसिद्ध झाला. या कृतीचा मोठा भाग जी मायनरमध्ये असून अखेरीस जी मेजरमधील पास्तोराल येते. कोरेल्ली यांनी ती ऐच्छिक ठेवली आहे. पास्तोराल वगळल्यास उरते ती एक उत्कृष्ट कॉन्चेर्तो, जी वर्षात केव्हाही वाजविता येईल. येथे नाताळपण शेवटच्या काही पृष्ठांत आहे आणि वादकांच्या इच्छेवर सोडलेले आहे.

हॅन्डेल यांनी ‘मसाया’त मेंढपाळांच्या प्रसंगी ‘पिफा’ नावाचा असाच छोटा वाद्यखंड योजला. बाख यांनी दुसऱ्या अंगाच्या आरंभी योजलेली ‘सिन्फोनिया’ याच परंपरेतील असली तरी तिची झेप मोठी आहे. एका बाजूला बासऱ्या व व्हायोलिने, दुसऱ्या बाजूला चार ओबो, असे दोन समूह तिच्यात आहेत. त्यांत देवदूत व मेंढपाळ यांचा संवाद अनेक भाष्यकारांनी ऐकला आहे. दोन्ही समूह प्रथम वेगवेगळे वाजतात आणि मग एकमेकांत मिसळतात. स्वर्ग व पृथ्वी यांचे मीलन हा दिवसाचा विषय एकाही शब्दाविना येथे सिद्ध होतो. कोरेल्लींच्या कृतीतून पास्तोराल काढता येते. बाख यांच्या दुसऱ्या अंगातून ती काढली तर पुढील मेंढपाळांचे आख्यान आणि अंगाईच्या साथीला असलेले ओबो निराधार होतील.

५. समूहाची स्मृती : एक चाल, तीन अर्थ

कोराल म्हणजे उपासकांच्या परिचयाचे भक्तिगीत. पहिल्या अंगातील पहिल्याच कोरालसाठी बाख यांनी जी चाल निवडली ती ख्रिस्ताच्या दुःखभोगाच्या गीताशी जोडलेली होती आणि ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (१७२७) मध्ये ती वारंवार येते. ऑरेटोरिओच्या अखेरच्या, चौसष्टाव्या खंडात हीच चाल पुन्हा येते. या वेळी तिच्याभोवती कर्णे व नगारे विजयघोष करीत असतात. जन्माच्या स्वागताला मरणाची चाल आणि शेवटी तिच्यावर विजयाचे कर्णे, हा अर्थ अनेक समीक्षकांना दिसला आहे. काहींनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते त्या काळी ही चाल अन्य संहितांवरही गायिली जात असल्याने लाइप्झिगच्या उपासकाला दरवेळी दुःखभोगच आठवला असेल असे नाही.

आक्षेप रास्त आहे, पण तो पूर्ण नाही. ही चाल मुळात हान्स लिओ हासलर यांनी १६०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रेमगीताची होती. प्रेमगीत, दुःखभोगाचे गीत व आगमनाचे गीत अशा तीन अवस्थांतून गेलेल्या चालीचा एकच अर्थ शोधणे व्यर्थ आहे. तिची श्रीमंती तिच्या अनेक वाटांच्या स्मृतीत आहे. एकच ऑरेटोरिओ तिने सुरू व्हावा आणि तिनेच संपावा, या योजनेमुळे त्या स्मृती एकमेकींच्या समोर येतात. यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. उसनवारी ही बाख यांची वैयक्तिक सोय नव्हती. ज्या उपासनेत ते काम करीत होते तिचे भक्तिसंगीतच अशा उसनवारीवर उभे होते.

६. समीक्षेची अडचण

एकोणिसाव्या शतकातील समीक्षेला या उसनवारीने संकोचात टाकले. कलाकृती ही कलावंताच्या अंतःकरणातून त्या विषयासाठीच उमलली पाहिजे, ही धारणा तेव्हा प्रबळ होती. बाख यांचे चरित्रकार फिलिप श्पिट्टा यांनी यावर तोड काढली. बाख यांची शैलीच मुळात धार्मिक असल्यामुळे त्यांच्या ऐहिक रचना खऱ्या अर्थाने ऐहिक नव्हत्या आणि चर्चमध्ये येऊन त्या स्वगृही परतल्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. याच्या उलट टोकाला एदुआर्द हान्सलिक यांनी १८५४ च्या आपल्या सौंदर्यशास्त्रीय ग्रंथात हॅन्डेल यांचा दाखला दिला. ‘मसाया’तील बालकजन्माचे प्रसिद्ध समूहगान एका इटालियन प्रेमयुगुलगीतावरून घेतले आहे. जुलै १७४१ मधील त्या गीतात आंधळ्या प्रेमावर व निष्ठुर सौंदर्यावर विश्वास न ठेवण्याचा निश्चय आहे. इंग्रजी ओळीच्या आरंभीच्या गौण शब्दावर अनपेक्षित आघात पडतो, तो मूळ इटालियन ओळीतील नकाराचा अवशेष आहे. स्वतः संगीत कोणतीही निश्चित भावना सांगत नाही, असा निष्कर्ष हान्सलिक यांनी अशा उदाहरणांतून काढला. पुढे १९६२ मध्ये फ्रीडरिश ब्लूमे यांनी, बाख हे अंतःप्रेरणेने चर्चचे संगीतकार होते या प्रतिमेलाच आव्हान दिले.

श्पिट्टा यांचे समर्थन अंगाईगीतापाशी कोलमडते, कारण विषयसुखाच्या मोहिनीला मुळातच धार्मिक म्हणणे म्हणजे हर्क्युलिसची निवडच निरर्थक ठरविणे होय. हान्सलिक यांचा निष्कर्षही अपुरा पडतो. संगीत काहीच सांगत नसते, तर कोणतीही चाल कोणत्याही शब्दांना चालली असती. बाख यांची निवड मात्र डोळस आहे. झोपेची चाल झोपेसाठी, राजाची चाल राजासाठी, मेंढपाळांच्या अधीरतेसाठी चपळ चाल अशी जुळणी त्यांनी केली. २१३ मधील अखेरचे समूहगान मात्र त्यांनी या कृतीत घेतले नाही. स्वरावली क्रियेचा, गतीचा व भावछटेचा आकृतिबंध पुरविते. त्याला विषय व मूल्य प्रसंगाकडून मिळते. या दोन टोकांमधील ही भूमिका अधिक ग्राह्य वाटते.

जुन्या रूपातून नवी कथा सांगण्याचा हा प्रश्न मराठीच्या परंपरेतही उपस्थित झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात सिद्ध केलेले ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) पुराणाच्या व ओवीच्या साच्यात ख्रिस्तकथा सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग हा वारकरी परंपरेने घडविलेला आकृतिबंध ख्रिस्तभक्तीसाठी वापरला. ओवी वा अभंग यांच्यामागे आधीच्या भक्तीची स्मृती असते. ती पुसली जात नाही, नव्या आशयाला खोली देते. बाख यांचा कर्णा गव्हाणीपाशी जे करतो, तेच कार्य येथे छंद करतो.

७. सादरीकरण व श्रवण

१७३४–३५ नंतर ही कृती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. १८५६ मध्ये बाख-गेझेलशाफ्टच्या ग्रंथमालेत ती छापली गेली आणि १८५७ च्या डिसेंबरात बर्लिनच्या झिंग-अकादमीने तिचे पुनरुज्जीवन केले. तेव्हापासून ती संगीतगृहाची झाली. सुमारे अडीच तासांची ही सहा अंगे एका वा दोन संध्याकाळी सादर करण्याची प्रथा पडली. अनेक ठिकाणी पहिली तीनच अंगे गायिली जातात. परिणामी कथा गव्हाणीपाशी थांबते. हेरोदाचे कपट, ज्ञानी पुरुषांचा शोध आणि अखेरच्या कोरालमधील विजय श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाही. आरंभी ऐकलेल्या चालीचे पुनरागमन हुकते आणि स्वरपट्टींचा प्रवास अर्ध्यावर राहतो.

ध्वनिमुद्रणांतही दृष्टिभेद आढळतो. कार्ल रिश्टर यांचे १९६५ चे मुद्रण मोठ्या वृंदाचे, भारदस्त व गंभीर आहे. जॉन एलियट गार्डिनर यांच्या १९८७ च्या मुद्रणात तत्कालीन पद्धतीची वाद्ये व छोटा वृंद असून नृत्याची लय ठळक होते. वाढदिवसाच्या संगीतातील मूळ उत्सवी चपळाई दुसऱ्यात अधिक जाणवते. पहिल्यात उपासनेचे गांभीर्य अधिक आहे. कृतीच्या दुहेरी जन्माचा एकेक पैलू प्रत्येकाने उजळला, असे म्हणता येईल.

ध्वनिमुद्रणाने एक जुनी शक्यताही परत मिळवून दिली आहे. प्रत्येक अंग साधारण अर्ध्या तासाचे वा त्याहून कमी आहे. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी या काळात नेमल्या दिवशी एकेक अंग ऐकल्यास मधल्या दिवसांचे मौनही श्रवणाचा भाग होते. पुढील कथेची प्रतीक्षा, परतणाऱ्या कर्ण्यांची ओळख आणि अखेरच्या कोरालला लाभणारे स्मृतीचे वजन एका बैठकीत लाभत नाही. यासाठी श्रद्धेची अट नाही. वेळेची शिस्त पुरेशी आहे.

निष्कर्ष

१. संगीतकृतीचे नाताळपण हा स्वरांचा अंगभूत गुणधर्म नाही. प्रसंग, शब्द, वाद्यसंकेत व समूहाची स्मृती यांच्या संयोगातून ते घडते.

२. ‘क्रिसमस ऑरेटोरिओ’तील उसनवारी सर्वत्र सारखी यशस्वी नाही. आरंभीच्या समूहगानात शब्द व वाद्य यांचा सांधा सैल होतो. खर्जातील एकलगीत व अंगाईगीत यांत मात्र तीच उसनवारी नवा अर्थ निर्माण करते.

३. स्वरावली क्रिया व गती यांचा आकृतिबंध देते आणि मूल्य प्रसंगातून येते. त्यामुळे श्पिट्टा यांचे धार्मिक समर्थन व हान्सलिक यांचा रूपवाद या दोहोंना मर्यादा पडतात.

४. केवळ नवेपणावरून मौलिकता जोखणारा निकष या कृतीला अपुरा पडतो. योग्य स्थळी, योग्य वेळी केलेली पुनर्योजना ही स्वतंत्र निर्मिती असू शकते.

५. सहा दिवसांची योजना हे या कृतीचे बाह्य वेष्टन नसून तिच्या अर्थाचा घटक आहे. एका संध्याकाळच्या सादरीकरणात, आणि विशेषतः पहिल्या तीन अंगांवर थांबणाऱ्या प्रयोगात, हा घटक नाहीसा होतो. म्हणून या कृतीचे मूल्यमापन करताना तिच्या स्वरलेखनाइतकेच तिच्या दिनक्रमाचेही वाचन आवश्यक ठरते.